नुसती नावं आणि आकडे

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या वार्षिक सभेत यंदा एका ट्रंकेवरून वाद झाला. ट्रंक एका बोटीवाल्याची. बोटीवाला म्हणजे व्यापारी जहाजावर नोकरी केलेला माणूस. आमच्या खाडीकाठच्या गावांत वाडीगणिक असा एखादा असतोच. हे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले. मुलं ठाण्याला, घराला कुलूप लावायचं ठरलं, तेव्हा वडिलांची पुस्तकं त्यांनी वाचनालयाला देऊन टाकली. आत कादंबऱ्या असतील अशी कार्यकारिणीची समजूत. निघाल्या त्या याद्या. ब्रिटनमध्ये कुठलं गाणं कुठल्या तारखेला यादीत शिरलं आणि कितव्या क्रमांकापर्यंत चढलं याची जाडजूड पुस्तकं, अमेरिकेची तशीच, आणि हिंदी चित्रपटगीतांच्या कोशाचे तीन खंड. परदेशी बंदरात उतरल्यावर बरोबरचे लोक सेंट आणि टेपरेकॉर्डर घ्यायचे, हा माणूस याद्या घ्यायचा.

सभेत एकानं त्यातलं एक पुस्तक उघडून चारचौघांना दाखवलं आणि विचारलं, "ह्यात वाचायचं काय? नुसती नावं आणि आकडे!" त्यावर एक निवृत्त प्राध्यापक उठून म्हणाले, असं म्हणू नका, संदर्भमूल्य असतं, उद्या कुणी पीएच.डी. करणारा आला तर? मग नेटवर सगळं मिळतं हा मुद्दा आला, कपाटात जागा नाही हा आला, आपल्या दमट हवेत एवढ्या जाड पुस्तकांना बुरशी धरते हाही आला. अर्ध्या तासानं विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला, चहा आला आणि ट्रंक जिन्याखाली गेली.

मला दोन्ही बाजू पटल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर पुस्तकांच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा राग जास्त आला. पीएच.डी.वाला येवो न येवो, ही पुस्तकं मी वाचतो. रात्री अंथरुणावर पडून, मधूनच कुठलंतरी पान उघडून, दिवाळी अंक चाळावा तशी. मला त्यात मजा येते. माझं म्हणणं असं, की ही मजा अस्सल वाचनाचीच मजा आहे, तिला अभ्यासाच्या पदराआड लपवायचं कारण नाही. आणि दुसरं असं, की जुन्या गाण्यांबाबत आपली आठवण आपलीच खुशामत करत असते. तिची लबाडी पकडायची तर असली यादीच हाताशी लागते.

मजा कसली, ते सांगतो. १४ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनच्या न्यू म्युझिकल एक्सप्रेस या साप्ताहिकानं तबकड्यांच्या विक्रीवर बेतलेली ब्रिटनमधली पहिली क्रमवारी छापली. पर्सी डिकिन्स नावाच्या त्यांच्या माणसानं वीसेक दुकानांना फोन लावून काय खपलं ते विचारलं आणि यादी केली. क्रमांक बारा, पण गाणी पंधरा, कारण मध्ये बरोबऱ्या झाल्या होत्या. पहिला क्रमांक अल मार्टिनोच्या 'हिअर इन माय हार्ट'चा, आणि तो तिथून नऊ आठवडे हलला नाही. इथवर खरोखरच नुसती नावं आणि आकडे. पण हा अल मार्टिनो म्हणजे वीस वर्षांनी 'गॉडफादर' चित्रपटात लग्नात गाणारा आणि मग डॉनसमोर रडगाणं गाऊन बोलणी खाणारा तो गायक, हे ध्यानात आलं की त्या ओळीला चेहरा येतो. मग तारखेकडे बघावं. तिथून बरोबर एकोणीस दिवसांनी, ३ डिसेंबर १९५२ ला, बुधवारी, रेडिओ सिलोनवर अमीन सयानींच्या आवाजात बिनाका गीतमाला सुरू झाली. सुरुवातीला तीत सात गाणी कसल्याही क्रमाविना लागायची आणि क्रम श्रोत्यांनी लावून पाठवायचा असे. लंडनमधल्या त्या फोनवाल्याला कोलंबोची खबर असायचं कारण नव्हतं. तरी जगाच्या दोन टोकांना महिन्याभराच्या आत लोकांची आवड मोजून बघायची खोडी माणसांना सुचली. हे मला कुठल्या संगीताच्या इतिहासात वाचायला मिळालं नाही. दोन याद्या शेजारी ठेवल्या म्हणून दिसलं.

मला ही चटक लागली ती माझ्या मोठ्या काकांमुळे. भाऊकाका प्राथमिक शाळेत मास्तर. घरी मर्फीचा रेडिओ, एरियलची तार माजघराच्या कौलावरून मागच्या फणसाला बांधलेली. दर बुधवारी रात्री आठला रेडिओसमोर वही उघडून बसायचे. वही आजही माझ्याकडे आहे. कसरीनं कडा खाल्ल्यात, पण अक्षर मास्तराचं, तारीख डावीकडे, मग पायदान (म्हणजे गीतमालेतला क्रमांक), गाणं, चित्रपट. नवीन आलेलं गाणं तांबड्या शाईत. जून-जुलैच्या पानांवर जागोजाग 'ऐ. आ. ना.' असं लिहिलंय, म्हणजे ऐकू आलं नाही. पुढे कंसात 'वीज' किंवा 'खरखर'. एका ठिकाणी लागोपाठ दोन बुधवार मोकळे आहेत आणि त्यांवर आडवा शब्द आहे, 'सुतक'. आजोबा गेले तेव्हाचं ते पान. त्या मोकळ्या जागांत नंतर पेन्सिलीनं गाणी भरलीत. शेजारच्या गावातल्या दुसऱ्या मास्तरांच्या वहीतून उतरवून घेतली असणार. स्वतः ऐकलेलं शाईत, दुसऱ्याकडून कळलेलं पेन्सिलीत. हा नियम त्यांना कुणी शिकवला नव्हता.

आता विरोधकांचं जे खरं आहे ते मान्य करतो. नेटवर यातलं पुष्कळ आहे, आणि मीसुद्धा एखादी तारीख अडली तर फोनच काढतो. उठून कपाटापर्यंत जात नाही. पण फोनला विचारायला आधी प्रश्न लागतो. नाव ठाऊक असेल तर नेट उत्तर देतं, नाव ठाऊक नसेल तर? आठवडा बाजारात आपण सुके बोंबील घ्यायला जातो आणि येताना शेजारच्या म्हातारीकडची आंबाडी घेऊन येतो. यादीच्या पुस्तकाची बैठक बाजाराची आहे. गीतमालेचं १९५७ सालचं सर्वांत वरचं गाणं कुठलं, हा प्रश्न मला जन्मात पडला नसता. पान उलटताना ते समोर आलं: 'जरा सामने तो आओ छलिये', चित्रपट 'जनम जनम के फेरे', संगीत एस. एन. त्रिपाठी. आठवा ते साल. 'प्यासा' त्या वर्षीचा, 'मदर इंडिया' त्या वर्षीचा, 'नया दौर' त्याच वर्षीचा. जुन्या गाण्यांवरच्या कुठल्याही मराठी लेखात १९५७ म्हटलं की हे तीन यायचेच, आणि ते यावेतच. त्रिपाठींचं नाव किती वेळा येतं? पौराणिक चित्रपटांचा संगीतकार म्हणून एका ओळीत बोळवण होते. पण त्या वर्षी गीतमालेला पत्रं पाठवणाऱ्या लोकांनी त्यांना सगळ्यांच्या वर बसवलं होतं. आपण ते विसरलो, आणि विसरलो हेसुद्धा विसरलो.

याहून ठसठशीत उदाहरण 'आराधना'चं. १९६९ साली तो आला, किशोरकुमारची लाट आली, आदल्या पिढीचे आवाज मागे पडले, असं आपण एका दमात सांगतो. मीही सांगत असे. यादी काय म्हणते? १९६९ च्या माथ्यावर 'इंतकाम'मधलं 'कैसे रहूँ चुप', १९७० च्या माथ्यावर 'दो रास्ते'मधलं 'बिंदिया चमकेगी'. दोन्ही लताबाईंची, दोन्ही लक्ष्मीकांत-प्यारेलालांची. 'आराधना'नंतर किशोरकुमार वर्षाच्या माथ्यावर आला तो १९७१ ला, 'जिंदगी एक सफर है सुहाना' घेऊन. म्हणजे लाट आली हे खरं, पण ती किनाऱ्याला लागायला दोन वर्षं गेली, आणि त्या दोन वर्षांत लोक बिंदी चमकवत होते. समुद्रकाठच्या माणसाला हे नवल वाटू नये. लाट दिसते केव्हा आणि पायाला लागते केव्हा यात अंतर असतंच.

पण विरोधातला खरा भक्कम मुद्दा जागेचा किंवा नेटचा नाही. सभेत तो कुणी काढलाच नाही, म्हणून मीच काढतो. या याद्या खोट्या असतात. पार खोट्या नव्हेत, पण चोख तर मुळीच नाहीत. फोनवर दुकानदार सांगेल ते खरं धरायचं. दुकानदाराला चार तबकड्या फुकट दिल्या की त्याची स्मरणशक्ती सुधारायची. अमेरिकेत रेडिओवर गाणी वाजवण्यासाठी पैसे चारण्याचा धंदा इतका बोकाळला की १९५९-६० मध्ये तिथल्या संसदेनं चौकशी लावली आणि ॲलन फ्रीडसारख्या नावाजलेल्या निवेदकाची कारकीर्द त्यात संपली. गीतमाला तर एका टूथपेस्टच्या कंपनीनं पुरस्कृत केलेली. क्रम ठरायचा तो दुकानांतल्या खपावर आणि श्रोता संघांच्या पत्रांवर. श्रोता संघ काढायला चार उत्साही पोरं आणि पोस्टकार्डाचे पैसे पुरतात. त्यातलं कुठलं पत्र आवडीचं आणि कुठलं आवडवून घेतलेलं, कोण सांगणार?

आणि लबाडी नसली तरी डोळ्यांवरची झापडं असतातच. अमेरिकेच्या बिलबोर्ड साप्ताहिकानं २५ मे १९९१ पासून अल्बमांची क्रमवारी दुकानदारांना विचारून करणं सोडलं आणि गल्ल्यावरच्या बारकोडच्या नोंदींवरून करायला घेतली. एका आठवड्यात यादीचं रूप पालटलं. कंट्री संगीताचे, म्हणजे तिकडच्या खेडवळ म्हणवल्या जाणाऱ्या गाण्यांचे अल्बम धडाधड वर आले. रॅपचेही आले, जून महिन्यातच कॉम्प्टनच्या काळ्या पोरांच्या एका रॅप गटाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोचला. हे लोक त्याआधी खपत नव्हते का? खपत होते. विचारल्यावर दुकानदाराच्या तोंडी त्यांची नावं येत नव्हती, एवढंच. म्हणजे आदल्या इतक्या वर्षांच्या याद्या काही प्रमाणात दुकानदारांच्या रुचीच्या याद्या होत्या.

हे सगळं मान्य करून मी विचारतो, की मग यादी फाडायची का? हा दोष कळला कशावरून? दोन याद्या हातात होत्या म्हणून कळला. मे १९९१ च्या आधीचं पान आणि नंतरचं पान शेजारी ठेवलं की झापडांचा आकार मोजून मिळतो. नुसत्या आठवणींवर चालणाऱ्या इतिहासात ही सोय नाही. तिथे चूक पकडायला कडाच नसते. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीच्या पातळीच्या नोंदी आहेत. त्या मापाचा शून्य कुठे धरायचा ते माणसानं ठरवलंय, समुद्रानं नाही. म्हणून त्या नोंदी खोट्या ठरत नाहीत. शून्य कुठे धरलाय ते सांगितलं की पाणी किती चढलं, किती उतरलं ते खरंच राहतं. (जाता जाता: मी घरी 'चार्टचं पुस्तक' म्हटलं तेव्हा ट्रॉलरवर तांडेल असलेल्या माझ्या मेव्हण्याला दर्याचा नकाशा वाटला. त्यानं पुस्तक उलटंपालटं करून विचारलं, "यात खडक कुठेत?" प्रश्न बरोबर होता. खडक आहेत, ते दाखवायलाच मी हे लिहितोय.)

आपल्या इतिहासातही यादीनं ऐटबाज गद्याला खाली बसवल्याचा दाखला आहे. बखरी वाचायला कशा, भाषा कशी, प्रसंग कसे! शिवाजीमहाराजांचा जन्म त्यांनी शके १५४९ चा सांगितला आणि तीनेक पिढ्या तो धरून चालल्या. मग कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातून एक शकावली पुढे आली. शकावली म्हणजे काय? यादीच. अमुक शके, अमुक मास, तिथी, वार, घडलं ते एका ओळीत. उपमा नाही, अलंकार नाही. तीत जन्म होता शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. ती छापून काढली लोकमान्य टिळकांनी, १९१६ साली. आमच्या रत्नागिरीत जन्मलेला माणूस. पुढे 'शिवभारता'तही तीच तिथी मिळाली, आणि आज सरकारी शिवजयंती जी १९ फेब्रुवारीला होते ती त्या कोरड्या ओळीच्या जोरावर. कुणी जेध्यांच्या घरी जाऊन त्या कागदांवर 'नुसती नावं आणि आकडे' म्हणून शेरा मारला असता तर? शकावली बिनचूक असते असा माझा दावा नाही. त्यांतही चुका निघाल्यात. पण ओळीत सांगितलेली चूक ओळीनं खोडता येते. फुलोऱ्यात सांगितलेली चूक पिढ्यान्‌पिढ्या टाळ्या घेते.

आणखी एक आक्षेप रसिकांचा. कलेची शर्यत लावणं हीच मुळात हलकी गोष्ट, डोकी मोजून का गाणं मोठं ठरतं? ठरत नाही. पण हे यादी वाचणाऱ्याला सांगू नका, त्याच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नसतं. १९६७ साली बीटल्सची 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' ही दोन गाणी एकाच तबकडीवर आली आणि ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर अडकली. वर कोण होतं? एंगलबर्ट हम्परडिंक, 'रिलीज मी'. आज त्या तबकडीवर पुस्तकं लिहिली जातात आणि हम्परडिंकचं नाव घेतलं की लोक हसतात. यादी वाचणारा दोन्हीकडे बघतो. त्या आठवड्यात विलायतेतल्या दुकानात शिरलेल्या गिऱ्हाईकाला काय हवं होतं, आणि पुढे काळानं काय ठेवलं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्याला क्रमांक दोनवरून कळतं. उलट ज्याला यादीचा तिटकारा आहे तोच बहुधा छातीठोकपणे सांगतो, की आमच्या वेळी सगळं सोनंच होतं. सोन्याबरोबर पितळ किती होतं, आणि पितळ घासूनपुसून मिरवणारे आपणच होतो, हे जुनी क्रमवारी उघडल्याशिवाय पटत नाही. भाऊकाकांच्या वहीत शंभरावर गाणी अशी आहेत, की ती कुणी गुणगुणलेली मी ऐकली नाहीत. त्यातली काही तांबड्या शाईत, उद्गारचिन्हासकट.

रुचीची मक्तेदारी वरून लादली की काय होतं तेही याच कहाणीत आहे, आणि गंमत म्हणजे लादणारा मराठी माणूस होता. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे जाणकार, हेतू चांगला, आकाशवाणीवर शास्त्रीय गायनवादनाला त्यांनी मानाचं पान दिलं. पण चित्रपटगीतांना त्यांनी दाराबाहेर काढलं. लोकांनी वाद घातला नाही, सुई फिरवली. सिलोनचा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन कोलंबोला जायचा आणि तिथून शॉर्टवेव्हवर परत आमच्या फणसाच्या तारेवर यायचा! पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९५७ मध्ये, आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. केसकरांकडे चांगल्या संगीताचं ज्ञान होतं, लोक काय ऐकतायत याची यादी नव्हती. दोन्हींपैकी दुसरी असती तर पहिल्याचा उपयोग तरी झाला असता.

आणि लोकांच्या पोटातलं कधीकधी यादीत उमटतं, ते रुचीच्या इतिहासात उमटत नाही. गीतमालेत १९७५ सालच्या माथ्यावर होती 'रोटी कपड़ा और मकान'मधली 'महँगाई मार गई' ही कव्वाली. त्याच्या आधीच्या दोन वर्षांत तेल भडकलं होतं, रेल्वेचा संप झाला होता, रेशनच्या रांगा होत्या. त्या जूनमध्ये आणीबाणी आली. पुढच्या वर्षी माथ्यावर 'कभी कभी'. अर्थशास्त्राचं पुस्तक या दोन ओळींतून काढता येणार नाही, काढूही नये. पण पान उलटताना मी इथे थांबतो खरा. काकांनी त्या गाण्यापुढे त्या काळचा तांदळाचा भाव लिहिलाय, शाईत.

यादी कधीकधी शेवटचा पुरावाही होऊन बसते. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट, १४ मार्च १९३१ चा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्यात सात गाणी होती हे आपल्याला ठाऊक आहे ते कागदावरच्या नोंदींमुळे. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी बँकेतली नोकरी सांभाळून हिंदी चित्रपटगीतांचा कोश दशकामागून दशक रचला, चित्रपटागणिक, गाण्यागणिक. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या जोएल व्हिटबर्ननं हेच केलं: साप्ताहिकातल्या क्रमवाऱ्या कार्डांवर उतरवून काढता काढता १९७० साली पहिलं पुस्तक झालं आणि २०२२ मध्ये मरेपर्यंत तो माणूस तेच करत राहिला. दोघांच्याही मागे विद्यापीठ नव्हतं. यांना वेडे म्हणायची पद्धत आहे. मला ते भाऊकाकांचे चुलतभाऊ वाटतात.

एका मुद्द्यापुढे मात्र माझी पंचाईत होते. मोजली गेली ती डोकी कुणाची? तबकडी घेऊ शकणाऱ्याची, पोस्टकार्ड लिहू शकणाऱ्याची. माझ्या काकांचं डोकं मोजलं गेलं असेल, कारण ते मास्तर होते. बंदरावर मासळीच्या पाट्या वाहणारीचं, पावसाळ्यात भात लावणाऱ्या गड्याचं? ते काय गात होते हे कुठल्या पायदानावर आलं? गौरी-गणपतीत आमच्याकडे घरोघर जाखडी, म्हणजे फेर धरून गाण्याचा नाच, नाचते, शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन पक्ष एकमेकांना सवाल टाकतात, चाकरमानी परळला दामोदर नाट्यगृहात सामने लावायचे. कॅसेटच्या जमान्यात या शाहिरांच्या कॅसेटी एस.टी. स्टँडच्या टपऱ्यांवर चवड लावून विकल्या जात. कुठली किती खपली? मराठी भावगीतांची, चित्रपटगीतांचीच गीतमालेसारखी वर्षानुवर्षं चाललेली क्रमवारी आपण उभी केली नाही, आकाशवाणीच्या 'आपली आवड'मध्ये फर्माईश करणाऱ्यांची नावं ऐकण्यावर समाधान मानलं, तिथे जाखडीला कोण विचारतो. परिणाम काय, तर आमच्या लग्नांत 'मी डोलकर' लागतं आणि कुणीतरी हटकून म्हणतो, पारंपरिक कोळीगीत! ते शांता शेळक्यांनी लिहिलंय आणि हृदयनाथ मंगेशकरांनी बांधलंय हे तबकडीच्या लेबलावर छापलेलं होतं. लेबल वाचणारी माणसं कमी पडली.

या आक्षेपाला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाही. अर्धं उत्तर आहे: ज्यांची नोंद झाली नाही त्यांच्यासाठी आणखी एक यादी करायची. आहे ती जिन्याखाली टाकून त्यांचं भलं व्हायचं नाही. पण ही दुसरी यादी कशातून करायची, याचा विचार मी सभेतून घरी येताना करत होतो आणि मला स्टँडजवळचं ते दुकान आठवलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं आणि रिचार्ज असतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तिथे गणपतीच्या महिनाभर आधीपासून जाखडीच्या कॅसेटी यायच्या, आणि मालक प्रत्येक मालाची नोंद लांबट लाल वहीत करायचा. मी लहानपणी ती पाहिलेली: शाहिराचं नाव, आलेल्या किती, उरलेल्या किती. तीन रकाने. सगळ्या तालुक्याची गीतमाला त्या वहीत होती.

दुसऱ्या दिवशी गेलो. मालक आता थकलेत, गल्ल्यावर मुलगा असतो, ते मागे खुर्ची टाकून बसतात. वह्यांचं विचारलं तर त्यांना आधी आठवेचना. मग म्हणाले, "त्या लाल वह्या होय? गेल्या पावसात बंबात गेल्या की. घर रंगवायला काढलंनीत तेव्हा." मी काहीतरी बोललो असेन, कारण ते माझ्याकडे जरा चमकून बघायला लागले. "का हो? काय होतं त्यात? नुसती नावं नि आकडे."